खडूनं लिहिलेली मडकी

टीनाची मडकी उद्या दुपारपर्यंत टिकतील का, ही काळजी काही केल्या जात नाही. टीना माझी मुलगी. उद्या आमच्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन आहे, दोनशेच्या आसपास माणसं जेवायला येणार आहेत. भात आणि पाटवड्यांचा रस्सा बोरसीचे आचारी हरिभाऊ करणार आहेत आणि रोट्या टीना. साध्या नाहीत, लांब रोट्या. त्याही गॅसवर. ती आत गाढ झोपली आहे, आणि मी स्वयंपाकघरात दिवा लावून बसले आहे. झोप येत नाही म्हणून लिहायला घेतलं, पण खरं सांगायचं तर काळजीपेक्षा आनंदच जास्त झाला आहे. का, ते सांगते.

ज्यांनी लांब रोटी खाल्ली नाही त्यांच्यासाठी आधी तिच्याबद्दल. माझ्या सासरची माणसं गोंदियाकडची. तिकडे लग्नात, पाहुणचारात ही रोटी लागतेच. गव्हाचं पीठ पातळ कापडातून गाळायचं, सैल भिजवायचं आणि आपटून आपटून असं मळायचं की ओढलं तरी तुटू नये. मग गोळा हातावर घेऊन या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापलेल्या मडक्यावर टाकायचा. पातळ इतकी की पलीकडचा माणूस दिसावा. रुमालासारखी घडी घालून ताटात येते आणि रश्शात बुडवली की विरघळते.

भिलाईला येऊन आमच्या घराला दोन पिढ्या झाल्या. चुली गेल्या. सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये लाकडं कुठं जाळणार? शेजारी लगेच विचारतील, आग लागली का. त्यामुळे लांब रोटी गावच्या लग्नापुरती उरली. माझ्या सासूबाई, सिंधुताई, दर दिवाळीला म्हणायच्या, "गावले जाऊन खाऊ." गेल्या काही वर्षांत त्यांचे गुडघे गेले आणि गावही गेलं.

टीना तेव्हा एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होती. चांगली नोकरी होती, मुलं तिच्यावर खूश होती. एका रविवारी आजीचा चेहरा बघून ती म्हणाली, "आजी, गॅसवर करू ना. उसमें क्या है?"

त्यात काय आहे, हे कळायला तिला पुढची दीड-दोन वर्षं लागली.

पण त्याआधी तिचं लहानपण सांगते, म्हणजे ही मुलगी कशी आहे ते कळेल. सायकल शिकत होती तेव्हाची गोष्ट. माझा नवरा प्रवीण इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये फिटर आहे. एखादा पार्ट बिघडलेला निघाला की त्यावर खडूनं फुली मारायची, ही तिथली पद्धत. प्रवीण फुलीच्या शेजारी कारणही लिहितो. टीनाला तो सांगायचा, "नुसती फुली कोणीबी मारते बेटा. कावून फेकला थे लिहिलं पाहिजे, नाई तं उद्या तोच पार्ट पुन्हा बनते." टीनानं ते फारच मनावर घेतलं. सायकलवरून जिथं पडेल तिथं रस्त्यावर खडूनं गोल काढायची आणि आत लिहायची: "वळताना मागे पाहिलं." "ब्रेक पुढचा दाबला." "कुत्रा." आमच्या गल्लीचा रस्ता आठवडाभरात गोलांनी भरला. मी गुडघ्याला हळद लावत रडकुंडीला यायची आणि ही दुसऱ्या दिवशी आधी पायी जाऊन सगळे गोल वाचायची, मग सायकलवर बसायची. कुत्र्याच्या गोलापाशी मात्र ती पुन्हा पडली. तिथं दुसरा गोल काढून लिहिलं, "तोच कुत्रा."

तर मडक्यांचीही तीच तऱ्हा झाली. पहिलं मडकं तिनं सुपेल्याच्या रविवार बाजारातून आणलं, गॅसवर पालथं घातलं, आणि आजीनं खुर्चीवर बसून रोटी टाकली. सिंधुताईंचा हात अजून असा की गोळा हवेत तरंगतो. पण रोटी मध्यभागी जळाली आणि कडेनं कच्ची राहिली. दुसरी टाकेपर्यंत मडकंच तडकलं. सासूबाई मडक्याकडे बघत म्हणाल्या, "मले काय ठावं बाप्पा. चुलीवर तं असं कधी झालं नाई." चुलीची आग मडक्याला चारी बाजूंनी कवेत घेते आणि गॅसची ज्योत एकाच जागी बोट खुपसते, हे तिथं बसलेल्या आम्हा चौघांपैकी कोणालाच सुचलं नव्हतं. टीनानं फुटक्या मडक्यावर खडूनं लिहिलं, "मधेच तापलं", आणि ते मागच्या अंगणात भिंतीशी ठेवलं.

मग एकामागून एक मडकी. जाड बुडाचं, पातळ बुडाचं, पाण्यात रात्रभर भिजवलेलं, तेल पाजलेलं. अंगणाच्या भिंतीशी रांग लागली. प्रत्येकावर खडूचं अक्षर. समोरच्या क्वार्टरमधली बाई जाता-येता हसायची, "क्या भाभी, कुम्हार का धंधा खोल लिया?" बाजारात मडकी विकणारी चंपा तर टीनाला लांबून बघूनच हाका मारायची. "नोनी, तैं मरकी ला खाथस का?" पोरी, तू मडकी खातेस की काय. टीनाही तिला म्हणायची, "हाँ काकी, चटनी के साथ."

शेवटी प्रवीण पुढं झाला. आम्ही भिलाईची माणसं, दोन पिढ्या पोलादावर जगलेली. कशाचंही काही बिघडलं की आम्हाला लोखंडच सुचतं. दाराची कडी, तुळशीचा कट्टा, पापड वाळवायची चौकट, सगळं आमच्याकडे लोखंडाचं. प्रवीण म्हणाला, "मातीच्या मागे कावून लागली वं? माती फुटनारच. लोखंडाचं बनवू." सुपेल्यातल्या एका वेल्डरकडून त्यानं जाड पत्र्याचा घुमट ठोकून आणला, मडक्याच्याच आकाराचा. सुंदर होता. फुटण्याची भीतीच नाही. बापलेकीनं एकमेकांना टाळी दिली.

पहिली रोटी त्यावरून घसरून थेट ओट्यावर. दुसरी चिकटली आणि पापड झाली. लोखंड झटकन तापतं आणि तितक्याच झटकन जाळतं. सासूबाईंनी तो पापड मोडून तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "चांगला हाय. लांब पापड म्हणून विक." पण टीनानं हट्ट सोडला नाही. तेल लावून, आच कमी-जास्त करून त्या घुमटावर तिनं बऱ्यापैकी रोट्या जमवल्या. आणि त्याच उत्साहात तिनं मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रोट्या करायचं कबूल केलं.

ती दुपार मी विसरणार नाही. मंडळाच्या सचिव रत्नमालाताई, सगळ्या बायका नटूनथटून बसलेल्या, टीना घुमट तापवून उभी. मंडळाच्या हॉलमधल्या शेगडीचा जाळ घरच्यापेक्षा मोठा निघाला. रोटी टाकली की काळी. पुन्हा टाकली, पुन्हा काळी. धूर झाला, कोणीतरी खोकलं, कोणीतरी म्हणालं, "अगं साध्या पोळ्या नाही का करता आल्या?" रत्नमालाताईंनी माणूस पाठवून ढाब्यावरून तंदुरी रोट्या मागवल्या. त्यांचंही बरोबर होतं, बायका भुकेल्या होत्या. पण तंदुरी रोट्या पानात पडेपर्यंत टीनाला जाळ सापडला होता. ती मागच्या बाजूला एकटी एकामागून एक पांढऱ्याशुभ्र रोट्या टाकत होती, घड्या घालत होती, आणि कोणी बघत नव्हतं. सगळ्यांची जेवणं झाली होती. तिची चळत तशीच डब्यात भरून आम्ही घरी आणली आणि चौघांनी दोन दिवस खाल्ली.

मला वाटलं, संपलं. आता ही शहाण्यासारखी क्लास घेईल. पुढच्याच आठवड्यात तिनं नोकरी सोडली.

"अगं, हरल्यावर कोणी नोकरी सोडतं का?" मी विचारलं. "जिंकल्यावर सोडतात."

"आई, जिंकले असते तर कशाला सोडली असती? मग रविवारीच केल्या असत्या. आता कळलंय ना कुठं अडतंय. शेगडी बदलली की घुमट जाळतो. अब टाइम चाहिए."

मी प्रवीणकडे पाहिलं. तो मान खाली घालून जेवत होता. मग हळूच म्हणाला, "बरोबर बोलून राहिली पोट्टी." त्या दिवशी मी दोघांशीही बोलले नाही.

उत्तर सापडलं ते मात्र आवराआवरीत. पाऊस संपत आला होता. अंगणात फुटक्या मडक्यांची रांग, त्यात सासूबाईंनी कोथिंबीर, पुदिना, गुलबास लावून टाकला होता. तरीही जागा पुरेना. सासूबाईंनी काठीनं ढकलत तो निकामी घुमट बाजूला केला आणि पसारा कमी दिसावा म्हणून त्यावर एक तडकलेलं मडकं पालथं घातलं. टोपीवर टोपी. टीना चहा घेऊन बाहेर आली, थांबली, आणि कप तिथंच कट्ट्यावर ठेवून खाली उकिडवी बसली.

"आजी, हे तू ठेवलंस?"

"मंग का तुह्या बापानं? जागाच नाई ठेवली कुठं."

टीना मडकं उचलून बघे, पुन्हा ठेवी. लोखंड आत, माती बाहेर. ज्योतीचं बोट लोखंडानं सोसायचं आणि ऊब सगळीकडे पसरायची, रोटीला हात लावायचा तो मातीनं. इतके महिने ती दोन वेगवेगळ्या वस्तूंवर "बेकार" असं लिहीत होती आणि त्या दोन्ही मिळून एक वस्तू होती.

ऐकताना वाटेल, जमलं. पण खरी गंमत पुढं आहे. प्रवीणनं हे काम मनावर घेतलं. घुमट घासून घासून त्यानं मडक्यात असा बसवला की मध्ये कागद जाणार नाही. फिटरची शान. "बघ," म्हणाला, "केसाएवढी जागा नाई." आम्ही सगळे ओट्याभोवती उभे. गॅस पेटवला. थोड्या वेळानं फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि मडक्याचे तुकडे चारी दिशांना. एक खापरी माझ्या कुकरवर वाजली.

मग टीना हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तापल्यावर लोखंड फुगतं."

लोखंड फुगतं. हे ती दरवर्षी नव्या पोरांना फळ्यावर शिकवत होती. आणि प्रवीणचा तर जन्म पाइपांच्या जोडांत, रुळांच्या टोकांत फट ठेवण्यात गेला. तो आधी ओशाळला, मग त्याला हसू फुटलं, मग तो इतका हसला की भिंतीला टेकून बसला. "साऱ्या प्लांटमदी गॅप ठेवून राहिलो," डोळे पुसत म्हणाला, "अन घरच्या मडक्यालेच नाई ठेवली." सासूबाई म्हणाल्या, "इंजिनेर लोकं." त्या रात्री एका मोठ्या खापरीवर बापानं आणि लेकीनं मिळून लिहिलं, "फट ठेवा, गाढवांनो." ती खापरी अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, मला इथून दिसते आहे.

मग फट ठेवली. घुमटाला तीन बारीक पाय लावले म्हणजे मडकं त्याला टेकणार नाही. तर आतली आग गुदमरून विझली. वारा जायला वाट हवी म्हणून सगळं उंच स्टँडवर घेतलं. तर उंचीमुळे सासूबाईंचा हात पोचेना. मग स्टँड खाली जमिनीवर आणि त्यांना पाट. दिवाळीच्या आधी एका सकाळी त्यांनी रोटी टाकली. रोटी मडक्यावर पडली, श्वास घेतल्यासारखी जरा फुगली, आणि तशीच राहिली. घसरली नाही, जळाली नाही. टीनानं कडेला बोट लावून ती उचलली आणि उजेडात धरली. पलीकडे प्रवीण दिसत होता, तोंड उघडं टाकून उभा.

सासूबाईंनी पहिला घास खाल्ला. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. "मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या, आणि दुसरी टाकायला घेतली. मग त्या थांबल्याच नाहीत. समोरच्या क्वार्टरमधल्या बाईलाही आम्ही चार पाठवल्या, आणि रत्नमालाताईंकडेही.

म्हणून तर रत्नमालाताईंनी पुन्हा विश्वास टाकला. चांगली बाई आहे, पण फोनवर सांगितलंच, "टीना, या वेळी मागच्यासारखं झालं तर मला पुढं बोलता नाही येणार गं." टीनाला आता रोट्यांची कामं मिळायला लागतील की मंडळात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हे कायमचं मिटेल, ते उद्या ठरणार. ते ऐकलं आणि मी एक गोष्ट केली. हरिभाऊंना फोन करून सांगितलं की भात-रश्शाबरोबर पुऱ्यांची कणीकही भिजवून ठेवा. टीनाला कळू देऊ नका. प्रवीणला सांगितलं तर तो म्हणाला, "माह्या तोंडून नाई निघनार. पन तू सांग तिले." मी सांगितलं नाही.

आज संध्याकाळी मी बाजारातून आले तर टीना अंगणात तिच्या सगळ्यांत चांगल्या मडक्यासमोर बसलेली. रोटी नाही, काही नाही, नुसतं रिकामं मडकं पूर्ण जाळावर तापत होतं.

"हे काय करतेस? उद्यासाठीचं आहे ना ते?"

"बघतेय कधी फुटतं ते."

"कधी काय? फुटेल ना मग!"

"फुटू दे ना आई. नक्की किती सोसतं ते मला माहीत असलं की त्याच्या आधीच बदलेन. जास्तीची ठेवलीत मी."

चहा झाला, दिवेलागण झाली, तरी ते फुटेना. मीच आतबाहेर करत होते. फुटलं तेव्हा बारीकसा टक् आवाज आला आणि टीना इतकी खूश झाली की जणू काहीतरी मिळालं. घड्याळ बघून तिनं खडू उचलला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दुसरं तापलंय. ये, तू टाक एक."

"मी? मला नाही येत."

हे खरं आहे. मी दुर्गच्या बोरसीची, आमच्याकडे घडीच्या पोळ्या. लग्न होऊन गावी गेले तेव्हा चुलीपाशी बायकांनी हौसेनं माझ्या हातात गोळा दिला होता. तो कोपरावरच फाटला. सगळ्या हसल्या, प्रेमानंच, आणि एका चुलत सासूनं "दे इकडे" म्हणत गोळा माझ्या हातातून काढून घेतला. मग कोणी दिला नाही आणि मीही मागितला नाही. इतकी वर्षं झाली, मी लांब रोटी खाते, वाढते, घडी घालते, टाकत मात्र नाही.

टीनानं माझे हात ओले केले आणि गोळा ठेवला. पहिली फाटली. मी सवयीनं मागं सरकले. टीनानं हात पुढं केला नाही, नुसता दुसरा गोळा माझ्यासमोर ठेवला. दुसरी मडक्यावर अर्धी पडली, अर्धी जमिनीवर. खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, "जमीनबी उपाशीच होती बिचारी." प्रवीण दारात उभा राहून बघत होता. तिसऱ्या वेळी मला कळलं की मी घाबरून मनगट आखडते, आणि आखडलं की पीठ तिथंच फाटतं. चौथी टाकताना मी मनगट सोडलं. रोटी हातावरून लांबत गेली, गार, जड, जिवंत, आणि मडक्यावर जाऊन बसली. वेडीवाकडी, एका बाजूला शेपूट आलेली. पण अख्खी. एकही भोक नाही.

मी या वयात अंगणात टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी ती रोटी मागून घेतली, इतर कोणाला तुकडा दिला नाही. "मीठ बरोबर हाय," म्हणाल्या.

टीनानं खडू माझ्या हातात दिला आणि रांगेतलं एक मडकं पुढं केलं. मी त्यावर लिहिलं, "मनगट."

जेवताना सगळे उद्याबद्दल बोलत होते. मला मात्र सारखे हरिभाऊ डोळ्यांसमोर दिसत होते. उद्या दुपारी पहिलं मडकं तडकलं, किंवा हॉलचा जाळ पुन्हा वेगळा निघाला, आणि टीना आपली शांतपणे दुसरं मडकं चढवायला लागली, तर मागच्या दारानं गरम पुऱ्यांच्या पराती येतील. लोक पुऱ्या घेतील. कोण थांबतं? आणि ती पुन्हा मागच्या बाजूला एकटी घड्या घालत बसेल. भात आहे, रस्सा आहे, कोणी उपाशी राहणार नाही. थोडं थांबावं लागेल एवढंच.

आत टीना कूस बदलते आहे. मोरीत उद्याची मडकी पाणी पीत ओळीनं बसली आहेत. काळजी अजून आहेच, ती उद्या शेवटच्या पंगतीपर्यंत राहील, मला माहीत आहे. पण तो गोळा तिच्या हातातून मी काढून घेणार नाही. हरिभाऊ पहाटे उठून आधी कणीक भिजवतात. त्यांनी परातीत हात घालायच्या आत त्यांना फोन लावायचा. सांगायचं, भात आणि रस्सा तेवढा आणा हरिभाऊ, पुऱ्या नकोत.